डावीकडे अजून टोचतं

पहाटे साडेपाचला गाडी सुरू होत नाही,
तेव्हा मी तिला शिवी देतो, मग माफी मागतो,
मग होते.
सोळा सीटा. माणसं चार.
उरलेल्या जागेत ल्याख्वा गावाचा सगळा कारभार:
ओतिआच्या मधाच्या अकरा बरण्या,
शाळेचा बिघडलेला प्रिंटर (मुलं सहा, शाई कधीच नाही),
नाझीब्रोलाच्या नवऱ्याचं रक्त, छोट्या नळीत,
तिनं लोकरीच्या मोज्यात घालून दिलेलं
थंडी वाजू नये म्हणून.

दवाखाना आहे आमच्याकडे. पाटी आहे, खुर्ची आहे.
नर्स मंगळवारी येते, रस्ता असला तर.
बँकही येते, गुरुवारी, पांढऱ्या व्हॅनमधून,
दीड तास चौकात थांबते, इंजिन चालू ठेवून,
जणू तिनंच कुणाचं देणं बुडवलंय.
म्हातारे पेन्शन घेतात
आणि वीस पावलं चालून
नाझीब्रोलाच्या वहीत आपल्या नावावर रेघ मारून घेतात.
पैसा आमच्या गावात तेवढाच फिरतो, वीस पावलं.
मग माझ्याच गाडीतून खाली उतरतो.

सप्टेंबरपासून मी त्सिआलाचे दात वाहतोय.
माप एकदाच घेतलं, उन्हाळ्यात, तेव्हा गुडघे चालत होते.
आता दात तेवढे प्रवास करतात.
कुटाइसीत बाजारामागे, तिसऱ्या मजल्यावर
गुराम डॉक्टर घासून देतो, मी वर आणतो,
ती अंगणात उभी राहून तोंडात बसवते,
जीभ फिरवते, डोंगराकडे बघते,
"डावीकडे अजून टोचतं."
दात परत डब्यात.
डबा बिस्किटांचा, झाकणावर परक्या देशाचा राजवाडा.
डॅशबोर्डवर संत जॉर्जच्या तसबिरीशेजारी ठेवतो.
वळणावर दोघंही हलतात.
आवाज दातांचाच येतो.

पैसे मुलीनं पाठवले, इटलीहून.
नाना तिथे एका म्हातारीला भरवते, तीन वेळा,
त्या बाईलाही दात नाहीत,
सगळं मिक्सरमधून काढावं लागतं.
"मग तिचे कोण नेतं-आणतं?" त्सिआलानं विचारलं.
मी बरण्या मोजायला लागलो.

चौथ्या फेरीला दरड आली.
नऊ दिवस. दात खाली, मी वर.
नर्स नाही, बँक नाही.
वहीची पानं संपली, तेव्हा नाझीब्रोला
साखरेच्या खोक्यावर उधारी लिहू लागली.
ओतिआनं घराघरात मध वाटला,
प्रत्येकाला किंमत ऐकवून.
आणि मला, बिनकामाच्या ड्रायव्हरला, कळलं
की गावातलं प्रत्येक फाटक मला ठाऊक आहे,
स्वयंपाकघर एकही नाही.
त्सिआलाच्या चुलीशी बसून मी अक्रोड फोडले, हातोडीनं.
तिनं लसूण घालून कुटले, मऊ होईपर्यंत.
अक्रोड होते तर दात नव्हते,
तरी आम्ही दोघं पोटभर जेवलो.

रस्ता उघडल्यावर पहिल्याच फेरीत दात आणले.
तिनं बसवले. जीभ फिरवली. बराच वेळ.
"आता?"
"आता नाही टोचत."
हे तिनं असं सांगितलं, जसं कुणी गाय आटल्याचं सांगतं.
मग काढले, पुसले, डब्यात ठेवले, झाकण दाबलं.
"बुधवारी घेऊन जा."
"कशाला?"
"सांग त्याला काहीतरी. उजवीकडे सांग.
नाना दर रविवारी विचारते, दात कसे आहेत.
ते झाले म्हटलं,
की आणखी काय विचारणार ती?"

भाडं मी घेत नाही. ती अक्रोड देते, सोललेले.
गुराम डॉक्टर दात उजेडात धरतो, माझ्याकडे बघतो,
फुंकर मारतो, परत देतो.
त्याचे पाच लारी.

बुधवारी सोळा सीटा, माणसं तीन,
मोज्यातली नळी,
आणि एक डबा, ज्यात दुरुस्त करायचं काही नाही.
वळणावर वाजतो.
मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, "बसले का नीट?"
मी म्हणतो, थोडं राहिलंय.